भागूचा पास

"सरोजला म्हणावं, खिडकीपाशी बस, डोंगर दिसतील," हे मला म्हणाले.

सरोज माझ्या मागंच उभी होती. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ, आणि कानानं चांगली धडधाकट. तरी मी मान वळवली आणि म्हणाले, "सरोज, खिडकीपाशी बस म्हणताहेत. डोंगर दिसतील."

"दादांना सांगा अक्का, मी मागच्या डब्यात बसते."

मी पुन्हा मान पुढं केली. "मागच्या डब्यात बसते म्हणते."

"बरं बरं," हे छताकडं बघत म्हणाले.

ज्युरिकच्या स्टेशनात इन्सब्रुकची गाडी सुटायला आलेली, आमच्या मागं माणसं बॅगा धरून ताटकळलेली, आणि दारातच आमचं हे असं चाललेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण आठवलं की अजून होतो.

कुणाला वाटेल, दोघांचं भांडण असेल. तसलं काही नव्हतं. हे सरोजचे थोरले दीर, म्हणजे भासरे. आमच्या गडहिंग्लजच्या घरात धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, त्यांच्या पुढ्यात बसायचं नाही, ते जेवून उठल्याशिवाय ताट घ्यायचं नाही. सासूबाईंनी लावलेली ही शिस्त. सासूबाई गेल्या, कौलं जाऊन स्लॅब आला, सरोजच्या हातात मोबाइल आला, शिस्त काही हलली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती ह्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि हे तिच्याशी. जे काय बोलायचं ते माझ्या तोंडून. आमटीत मीठ कमी आहे इथपासून तिच्या आजारी नवऱ्याला कोल्हापुरात हलवायचं का इथपर्यंत सगळं.

घरी ते निभायचं, कारण घरी मला दुसरीही कामं असतात. परदेशात दिवसभर आम्ही सगळे एकत्र, आणि मी आपली एकदा इकडं तोंड, एकदा तिकडं तोंड. हॉटेलात सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी बंद व्हायचा. हे निवांत चहावर चहा पीत बसायचे, आणि ते उठेपर्यंत सरोज दाराबाहेर उभी. ते उठले की ती आत जायची, तोवर तिथली बाई टेबलं पुसायला लागलेली. रोज मी पाव आणि केळी रुमालात बांधून तिला खोलीत नेऊन देत होते. एके दिवशी मी म्हटलंसुद्धा, "अगं, इथं कोण बघायला आलंय? बस की." तर म्हणाली, "असू दे अक्का. इतकी वर्षं पाळलं, आता चार दिवसांसाठी कशाला मोडायचं?" डोकं आपटावंसं वाटलं. तिचं की माझं, एवढंच ठरत नव्हतं.

मुळात ही सहल निघाली तीच फुकटाच्या नादानं. आमची मिरचीची अडत. त्या साली संकेश्वरी मिरचीनं चांगला हात दिला होता. तशात एका लग्नाच्या पंगतीत ह्यांना कुणीतरी सांगितलं, की युरोपात रेल्वेचा पास काढला तर बारा वर्षांखालची पोरं फुकट, एका मोठ्या माणसामागं दोन. झालं. "तीन मोठे, तीन पोरी. तिघीही फुकट. टूरवाल्यांमागं मेंढरांसारखं कशाला जायचं?" असं म्हणत हे घरभर फिरले. विमानाला काय पडतं, हॉटेलाला काय पडतं, ते कुणी बोलायचं नाही. पोरी रेल्वेत फुकट, हेच ब्रह्मवाक्य.

तिघी पोरी सरोजच्या. धनश्री, राजश्री आणि भाग्यश्री. घरात धनू, राजू आणि भागू. माझे धाकटे दीर, उदयभाऊजी, काविळीनं गेले तेव्हा भागू अंगावर पीत होती. सरोज कोल्हापुरात दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी, आणि भागू घरी माझ्या कुशीत. मला मूल नाही. बाटली तोंडात धरायची नाही म्हणून चमच्या चमच्यानं दूध पाजून मी तिला त्या दिवसांतून काढलं. पुढं सरोज परत आली, तरी रात्री भागू उशी ओढत माझ्याच खोलीत यायची. तिघी मला मोठ्याई म्हणतात, पण भागूच्या तोंडात ते वेगळं लागतं, असं आपलं माझं मत. मला ती हवी होती. आडपडदा कशाला ठेवू? हवीच होती.

आणि तसं ठरलंही होतं. गणपती झाले की भागूचं दत्तकविधान. हे म्हणाले, "तीन पोरी ती एकटीनं कशी निभावणार? दोघी तिला, एक आपल्याला. सगळं एका छपराखाली. मूल काय परगावी चाललंय?" वकिलांनी कागद तयार केले. सरोजला विचारलं. विचारलं म्हणजे अर्थात मीच. हे सोप्यात बसलेले, ती चुलीपाशी, आणि मी मधल्या उंबऱ्यावर. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दादा म्हणतील तसं." मी ते सोप्यात नेऊन दिलं. हे खूश, मीही खूश. त्यानंतर त्या विषयावर सरोजनं तोंड उघडलं नाही, आणि नाही म्हटलं नाही म्हणजे हो, असं धरून आम्ही चाललो होतो.

पास काढताना कोल्हापूरच्या एजंटानं विचारलं, कुठली मुलगी कुणाच्या पासावर घालू? हे एका दमात म्हणाले, "धनू, राजू माझ्यावर. भागू हिच्यावर." सरोजच्या पासावर कुणीच नाही. त्यात ह्यांचा काही डाव होता असं नाही, उगीच खोटं कशाला बोलू. आमच्याकडं रेशनकार्डापासून शाळेपर्यंत सगळं घरच्या कर्त्याच्या नावाखाली. भाऊ गेल्यापासून पोरींची नावं आपसूकच ह्यांच्याखाली लागत गेली. सरोजचं नाव मधे घालावं हे ह्यांना सुचलंच नाही. मलाही नाही. भागूचं मात्र मुद्दाम केलं होतं. "तुम्हा दोघींना सवय होऊ दे," मला म्हणाले होते.

तर गाडी सुटली. सरोज मागच्या डब्यात गेली, आणि तिच्यामागं तिघी पोरी गेल्या. गाय हलली की वासरं हलायचीच.

"पोरी कुठं?" ह्यांनी विचारलं. तोवर बूट निघाले होते आणि पाय समोरच्या सीटवर गेले होते.

"आईमागं."

"जाऊ देत. फुकटच आहेत."

बाहेर मोठं तळं लागलं होतं आणि त्याच्या कडेकडेनं गाडी चालली होती. असलं निळं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. हे काही बघत नव्हते. गळ्यातल्या पाकिटातून सगळ्यांचे पास काढून एकेक तपासत होते. पास सगळे त्यांच्याच गळ्यात, पासपोर्ट त्यांच्याच गळ्यात. आम्ही बायका हरवलो असतो तर आमचं नाव सांगायला आमच्याकडं चिटोरंही नव्हतं.

"हा सरोजचा माझ्याकडंच राहिला की. तिला नेऊन दे. हा तुझा घे. चेकर आला तर दाखव म्हणावं."

या "म्हणावं"पायी त्या सहलीत मी जेवढी चालले तेवढी डोंगरावरही चालले नसेन. उठले.

मागच्या डब्यात चौघी टेबलाभोवती बसल्या होत्या. साडीवर स्वेटर, पायात नवे पांढरे बूट आणि मांडीवर डबा असा सरोजचा अवतार. दशमीला शेंगदाण्याची चटणी लावून ती एकेकीला देत होती आणि राजूच्या कसल्यातरी बोलण्यावर मोठ्यानं हसत होती. घरात तिचं असं हसणं मी कधी ऐकलेलं आठवेना. भागू तिच्या दंडावर रेलून बसली होती, तोंडाला चटणी माखलेली. मला बघितलं आणि सरोज हसायची थांबली. सरकून जागा केली, "या अक्का, बसा," म्हणाली. मला ते लागलं. मी काय फौजदार होते?

मी तिच्या हातात पास देतेय तोवर चेकर आली. बाई होती, वयानं तरणीच, आखूड केसांची, गळ्यात मशीन. निपाणीला बी.ए. केल्यामुळं माझं काम चालेल इतकं इंग्रजी मला येतं, आणि ती बाईही समजूतदार, सावकाश बोलणारी होती.

तिनं सरोजचा पास बघितला. "एक मोठे," म्हणाली. मग पोरींकडं वळली. "आणि ही मुलं?"

"त्यांचेही पास आहेत," मी म्हटलं. "धाकटी माझ्या पासावर आहे."

तिनं माझा बघितला. "एक मोठे, एक मूल. छान. आणि या दोघी?"

"माझ्या मिस्टरांच्या पासावर. ते पुढच्या डब्यात आहेत."

"ते तिकडे आणि मुली इकडे?"

"इकडं त्यांची आई आहे ना."

"कुठे?"

मी सरोजकडं बोट केलं. बाईनं तिचा पास परत मागून घेतला, उलटा केला, सुलटा केला. "यांच्या पासावर तर मूल नाही."

"नाही."

"का?"

आता हिला काय सांगू? कर्ता म्हणजे काय ते सांगू, की भासरे म्हणजे काय ते सांगू, की उदयभाऊजींच्या काविळीपासून सुरू करू? गाडी इन्सब्रुकला पोचली असती तरी संपलं नसतं. "आमची फॅमिली मोठी आहे," मी म्हणाले. बाईनं हसून मान हलवली, पण पास काही परत दिला नाही.

"हे बघा," ती म्हणाली, "मूल फुकट जातं ते त्या मोठ्या माणसाच्या सोबतीनं. पासावर ज्याचं नाव आहे त्याच्याजवळ मुलानं बसायला हवं. दंड वगैरे काही नाही. फक्त प्लीज, ज्याचं त्याच्याजवळ बसवा."

एवढ्यात हे आलेच, मोज्यांवर, बूट न घालता. मी परत कशी आले नाही म्हणून बघायला आले असणार. मी सगळं सांगितलं. दंड नाही म्हटल्यावर ह्यांचा चेहरा खुलला.

"एवढंच ना? सोपं आहे. सरोजला म्हणावं, तू बस इथं निवांत. पोरींना आम्ही नेतो."

आणि हे सांगायलाच हवं, की त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. भासऱ्यांच्या पुढ्यात बसायला लागू नये म्हणून ती इकडं आलेली, तर तिची सोय झाली, असंच त्यांना वाटत होतं. सगळे नियम पाळले गेले होते, सासूबाईंचेही आणि रेल्वेचेही.

धनू, राजू मुकाट्यानं उठल्या. मोठ्या बाबांनी म्हटलं की उठायचं, ही त्यांची शिस्त. भागूनं मात्र आईच्या स्वेटरला मिठी मारली.

"मी आईपाशी बसणार."

"चल बाळ, माझ्यापाशी बस," मी म्हटलं. "तिकडनं तळं छान दिसतं."

"मला तळं नको."

"असं करू नाही भागू. बाई रागावतील."

भागूनं चेकर बाईकडं बघितलं. ती बाई हसत उभी. त्यामुळं माझा तोही बार फुकट गेला. हे वैतागले. माझ्या हातातला पास घेऊन त्यांनी भागूच्या नाकापुढं धरला.

"तुला एबीसीडी येते ना? मग वाच. हे वर मोठ्याईचं नाव. आणि खाली कुणाचं?"

भागूनं चटणीचं बोट एकेका अक्षरावर ठेवलं. "बी, एच, ए..." मग म्हणाली, "माझं."

"मग कुणापाशी बसायचं?"

तिनं कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "आईचं नाव कुठाय?"

"आईचा पास वेगळा."

"त्यात मी आहे?"

"नाही बाळा. कसं सांगू तुला, ते नियमाचं असतं."

भागू रडायला लागली. भोकाड पसरलं असतं तर बरं झालं असतं, चार दटावण्या देता आल्या असत्या. तोंड मिटून, आतल्या आत रडत होती. मी तिला उचलायला गेले तर स्वेटर सुटेना. शेवटी सरोजनंच तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला माझ्याकडं दिलं. तिच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मला त्याचाही राग आला. माणसानं काहीतरी बोलावं.

चेकर बाई निघाली होती. जाता जाता तिला काय वाटलं कुणास ठाऊक, वाकून, अगदी मायेनं, तिनं सरोजला काहीतरी विचारलं. सरोजला इंग्रजी येत नाही.

"काय म्हणतात त्या, अक्का?"

इतक्या वर्षांत मी किती निरोप इकडचे तिकडं केले असतील. मयताचे केले, सोयरिकीचे केले. जीभ कधी अडली नाही. त्या वेळी अडली.

"विचारतेय," मी म्हणाले, "तू एकटीच आहेस का?"

सरोजनं डब्याचं झाकण लावलं. बाईनं थोडं थांबून बघितलं, मग स्वतःशीच मान हलवून पुढं गेली.

पुढच्या डब्यात ह्यांनी सगळ्यांच्या जागा लावून दिल्या. धनू त्यांच्या शेजारी, राजू समोर, आणि मधली वाट सोडून पलीकडं मी आणि भागू. "झालं की नाही सरळ?" म्हणत त्यांनी राजूच्या शेजारच्या सीटवर पुन्हा पाय टाकले. भागूचे हुंदके थांबत आले होते.

"मोठ्याई, आईला भूक लागली तर?"

"डबा तिच्याचकडं आहे."

"मग आपल्याला लागली तर?"

मी तिचं तोंड पदरानं पुसत बसले.

दार सरकलं आणि सरोज आत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा. मला वाटलं, पोरींचं खाणं द्यायला आली, माझ्याकडं डबा देईल आणि मागल्या पावली जाईल. ती माझ्यावरून पुढं गेली आणि ह्यांच्यासमोर थांबली. तिला बसायचं होतं ती सीट ह्यांच्या पायांनी अडवलेली. ती त्या पायांकडं बघत उभी राहिली. ह्यांनी गडबडीनं पाय खाली घेतले आणि टेबलाखाली बूट चाचपायला लागले. सरोज बसली. भासऱ्यांच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, पदर खांद्यावरच, डोक्यावर न घेता.

ह्यांनी एका बुटाची नाडी बांधली, मग तीच सोडून पुन्हा बांधली.

"दादा," सरोज म्हणाली.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिला काय हवंय ते विचार."

"मला काही नको," सरोज म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा होता. "भागूला मी दत्तक देणार नाही. गणपती झाल्यावर नाही आणि कधीच नाही."

धनूनं खिडकीतलं तोंड आत वळवलं. राजू आईकडं बघायला लागली. पेठेत भर बाजारात सौदे पटवणारा माणूस, पण हे शेवटी पुन्हा माझ्याकडंच वळले.

"तिला सांग, ही काय बोलायची जागा आहे का? घरी गेल्यावर बघू म्हणावं."

मी तोंड उघडलंसुद्धा. सवय असते ना. सरोज म्हणून हाकही मारली असती. आणि एकदम माझं डोकं फिरलं. ह्यांच्यावर फिरलं, तिच्यावर फिरलं, त्या मेल्या फुकट पासावर तर फिरलंच.

"ती तुमच्यासमोर बसलीय," मी म्हणाले. "बहिरी नाही. तुम्हीच सांगा."

"अगं, पण..."

"मी सांगणार नाही."

मग हे तिच्याकडं वळले. तोंडाकडं नाही, तिच्या हातातल्या डब्याकडं बघत म्हणाले, "पण तू तर हो म्हणाली होतीस."

"हो नव्हते म्हणाले दादा. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले होते."

"मग तेच झालं की."

"तेच कसं होईल? तुम्ही मला कुठं विचारलंत? तुम्ही अक्कांना सांगितलंत, अक्कांनी मला सांगितलं. मी काय बोलेन ते अक्काच तुम्हाला सांगणार. ज्यांना माझी पोर हवीय, त्यांच्याच तोंडून मी नाही कशी म्हणू?"

असं कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"अक्का," ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमच्या मायेला मी काही बोलत नाही. ती रात्री तुमच्याकडं येते, येऊ दे. लग्न होईपर्यंत येऊ दे. पण उद्या कुणी विचारलं तर मी एकटी आहे, असं मला सांगायला लागू नये."

मला तिचा भयंकर राग आला. माझी माया तू नको सांगूस मला, असं म्हणणार होते. इतकी वर्षं मुखदुर्बळ राहिलीस, वकिलाचे कागद होईपर्यंत राहिलीस, मी तिच्यासाठी परकर पोलकी शिवून ठेवली, खोलीला रंग दिला, आणि आता तुला कंठ फुटला? हे सगळं ओठापर्यंत आलं. भागूचं डोकं माझ्या छातीशी होतं, रडून रडून गरम झालेलं, खोबरेल तेलाचा वास येत होता. मी तिला घट्ट धरून बसले होते. सरोजनं हात पुढं केला असता तर मी दिलीच नसती, हे मला पक्कं माहीत आहे. तिनं केला नाही. नुसती बसून राहिली, माझ्याकडं बघत.

भागूच शेवटी म्हणाली, "मोठ्याई, किती आवळतेस."

मी हात सैल केले. उठले, आणि तिला सरोजच्या मांडीवर नेऊन ठेवलं. क्षणभर मी तशीच वाकलेली राहिले. भागूनं आईच्या हातातला डबा ओढून घेतला आणि उघडायला लागली. तिला दशमी हवी होती.

"कुठं चाललीस?" ह्यांनी विचारलं.

"मागं बसते. इथं जागा नाही."

माझी सीट रिकामीच होती. ते कुणी मला म्हटलं नाही.

मागच्या डब्यात सरोजच्या जागेवर जाऊन बसले. टेबलावर दशमीचे तुकडे पडले होते, ते गोळा केले, कागदात बांधले, आणि मग रडले. चांगलं पोटभर रडले. पलीकडं कानात वायरी घातलेला एक पोरगा होता, त्यानं एकदा बघितलं आणि खिडकीकडं तोंड केलं. शहाणा होता. आमच्याकडं असता तर चौघींनी येऊन काय झालं विचारलं असतं, आणि मला चौघींना सांगत बसायला लागलं असतं.

सरहद्दीवरच्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. तिथून देश बदलला आणि गाडीवरची माणसंही बदलली. पांढऱ्या मिशांचा, जाड चष्म्याचा एक नवा चेकर माझ्यापाशी आला. मी पास दिला.

"एक मोठे, एक मूल," त्यानं वाचलं. शेजारच्या सीटवर बघितलं, मग वाकून टेबलाखाली बघितलं. पोर लपून बसलं असेल असं त्याला वाटलं असावं. "मूल कुठे आहे?"

"पुढच्या डब्यात."

"एकटंच?"

"नाही. आपल्या आईजवळ आहे."

तो गोंधळला. पास चष्म्याजवळ नेऊन त्यानं पुन्हा वाचला, मग माझ्याकडं बघितलं. "मग तुम्ही तिच्या कोण?"

मोठ्याईला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. काकूला काय म्हणतात ते येत होतं.

"आँट," मी म्हणाले. "मी तिची आँट. बाकी कुणी नाही."